उरलेला मऊभात
मांदेली उकडल्याचा वास आला की मला मानपाड्याच्या चाळीतली आमची आजारी मांजर आठवते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. तिच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडलेल्या, म्हणून मी तिला पिशवीत घालून ठाण्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलेले. त्यांनी मांजरांना विषाणूमुळे होणारा रक्ताचा कॅन्सर सांगितला. "माणसाला काही होत नाही, पण लाळेतून दुसऱ्या मांजराला लागतो. हिचं उष्टं कुणाला घालू नका." आईला मी नुसता अशक्तपणा सांगितला. कॅन्सर ऐकलं असतं तर तिने मांजर घरात ठेवू दिली नसती. उलट आईच रोज मांदेली उकडून, काटे काढून, मऊभातात कालवून तिला भरवू लागली. मांजर दोन घास खाऊन तोंड फिरवायची. आठवड्याने संध्याकाळी मी कंपनीतून आले, तर आई जिन्याखाली बसलेली आणि चाळीतलं करडं पिल्लू करवंटीतला भात चाटूनपुसून खात होतं. "हिचं उरलेलं रोज यालाच घालते," आई म्हणाली. "अन्न कशाला टाकायचं?" तेव्हा तरी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी दुसऱ्या दिवसापासून उरलेला भात आईच्या नकळत संडासात ओतू लागले. पावसाळ्याआधी आमची मांजर गेली. दिवाळीत त्या पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या झाल्या. आई आता ऐंशीची आहे. त्या पिल्लाचा विषय निघाला की म्हणते, "माझ्या हातचं पोटभर खाऊन तरी गेलं गं." मी हो म्हणते, अजूनही.