बाहेर जाणाऱ्या मालाला जकात नाही

पुण्याची एस.टी. पारोळ्याच्या जकात नाक्यापाशी थांबली, कारण बांबू आडवा होता आणि तो वर करणारा माणूस माझा बाप होता. आबा नाक्यावर शिपाई. एस.टी.साठी बांबू एरवी आधीच वर जायचा. त्या दिवशी त्यांनी मुद्दाम थांबवली असावी, पण मी कधी विचारलं नाही.

ड्रायव्हर ओरडला, "आबा, पोऱ्या गावबाहेर चालना. यानी पावती फाडा!"

"बाहेर जानारा मालले जकात नई," आबा म्हणाले. "परत ऊना का मंग फाडसूत."

सगळी गाडी हसली. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. मला हसू आलं नाही.

गावात येणाऱ्या मालावर तेव्हा नगरपालिका जकात घ्यायची. कारकून नाना बिलं बघून पावती करायचे, आबा बांबू उचलायचे. सुरतेचे, इंदूरचे ड्रायव्हर त्यांना नावाने ओळखत. कुणी धुळ्याच्या भावासाठी चिठ्ठी ठेवून जाई, कुणी गुळाची ढेप. आबांना हे पगारापेक्षा मोठं वाटायचं, असं मला आता वाटतं.

पुण्यात मी घरच्या बोलीतल्या 'शे'चं 'आहे' केलं आणि अर्थशास्त्र घेतलं. युरोपातले देश आपसातले नाके उठवत होते, पुढे बहुतेकांचं चलनही एक करणार होते. सर म्हणायचे, चलन एक झालं की एखाद्या देशावर एकट्यावर संकट आलं तर आपलं चलन स्वस्त करून सावरायची सोय त्याच्या हाती राहत नाही. ते मी वहीत नीट उतरवून घेतलं.

दिवाळीला घरी आलो तेव्हा आबांनी विचारलं, "काय शिकी ऱ्हायना तू?" मी युरोपातल्या उठलेल्या नाक्यांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग तठला नाकावाला कथा गयात?"

पुस्तकात ते प्रकरणच नव्हतं. मी म्हणालो, "त्यांना दुसरं काम मिळत असेल." त्यांच्याशी मी पुणेरी बोललो, हे मला नंतर जाणवलं.

त्याच वर्षी कॉलेजच्या वार्षिकांकात माझा लेख आला: युरोपने नाके उठवले, तर आपल्या गावांच्या वेशीवरचे नाके कशासाठी? लेखाला बक्षीस मिळालं. अंक मी घरी पाठवला. आत काय आहे ते लिहिलं नाही. आबा चौथीपर्यंत शिकलेले, एवढं छापील वाचणार नाहीत, असं मी धरून चाललो होतो. पुण्याला गेलेल्या आपल्यापैकी कितीजणांनी असं काहीतरी धरलं असेल.

मी एम.ए.ला असताना नाके खरंच बंद झाले. माझ्या लेखामुळे नव्हे, हे मला कळतं. आबांची नोकरी राहिली. त्यांना पाण्याच्या टाकीवर धाडलं. तिथे कुणी येत नाही.

सुट्टीत मी धीर करून म्हणालो, "आबा, तो अंक..."

"माले ठावं शे. मीच लई गयथू नाकावर दखाडाले. नानानी मोठ्यानी वाचा. बठ्ठासनी आयका." मग म्हणाले, "लिखेल खरं शे. गाड्या उगाच खोळंबेत. पन पहिले माले सांगाले पाहिजे व्हतं."

म्हणजे नानांनी तो नाक्यावर सगळ्यांना वाचून दाखवला होता, आणि तीन वर्षं आबांना हे माहीत होतं. मधल्या प्रत्येक सुट्टीत ते मला स्टँडवर घ्यायला आले होते.

लेखातलं मत मी आजही बदललेलं नाही. पण आता काहीही लिहिलं की आधी आबांना वाचून दाखवतो. ते मान हलवतात, "चांगलं शे" म्हणतात. विचारत मात्र काहीच नाहीत. मी अभ्यासात काय करतो, हेही नाही. लोक विचारतात, घरी कशाला एवढ्या चकरा मारतोस? खरं सांगायचं तर, आबा पुन्हा एखादा प्रश्न विचारतील म्हणून.