विमानाच्या वाट्याचा रोट

त्या वर्षी मी कानबाईला हात जोडायचं सोडलं. कुणाला सांगून नव्हे, मनातल्या मनात. सकाळी अंघोळ करून देव्हाऱ्यासमोरून तसाच पुढं जायचो, बायको बघायची. देवीवर रागावणं आमच्याकडे नवं नाही, आजारपणात बायका तिला चांगल्या शिव्याही घालतात. पण माझा राग तसा लाडातला नव्हता. मला खरंच वाटत होतं की या देवीनं माझं घर बुडवलं. आज हे लिहितानाही त्या दिवसांची आठवण आली की कानशिलं तापतात, म्हणून आधीच सांगतो, हे शांत माणसाचं लिहिणं नाही.

मी जळगावात एका मारवाडी शेठजींच्या कापड दुकानात गुमास्ता होतो. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, बायको, आणि माझी माय. पिंप्राळ्याला आम्ही घर बांधण्यासाठी जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. तिथं बांधायचं, आणि एकदा तरी आपल्या स्वतःच्या उंबऱ्याआड कानबाई बसवायची, एवढी एकच इच्छा माय बोलून दाखवायची. श्रावणात कानबाई बसायची ती धुळ्याला, माझ्या चुलतभावाच्या, नानाच्या घरी. सगळे भाऊबंद तिथं जमायचे.

नानानंच ती विमानाची गोष्ट आणली. मुंबईच्या काही लोकांनी कंपनी काढली होती. विमानानं कपाशीवर औषध मारायचं, त्यातून पैसा उभा राहिला की मोठं विमान घ्यायचं आणि जळगाव-धुळ्याची माणसं मुंबईला न्यायची. छोट्या माणसांनी भाग विकत घ्यावेत म्हणून कंपनीचा चेअरमन स्वतः धुळ्याला आला, पांढरे बूट घालून बोलला. नाना भोळा, मी लोभी, आणि बाकीचे आमच्याकडे बघून. मी पिंप्राळ्याची जागा विकली. मायनं अंगठा दिला तेव्हा एवढंच विचारलं, की इमान आपलं होणार ना? विमानाला ती इमान म्हणायची. मी म्हटलं, होणार.

विमान आलं, तेही खरं. मागच्या लढाईतलं जुनं, लाकडी सांगाड्यावर ताणून बसवलेल्या कापडाच्या पंखांचं. पण रंग असा दिला होता की बघत राहावं. धुळ्याबाहेर माळावर पत्र्याच्या शेडमध्ये ते उभं राहिलं आणि उभंच राहिलं. उडायला दिल्लीचा कागद लागतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. सरकारी इन्स्पेक्टर येणार, विमान तपासणार, सही करणार, मग ते उडणार. कागद आज येईल, उद्या येईल. नानाला विचारलं की तो म्हणायचा, दिल्लीत आहे. चेअरमनला पत्र टाकलं की उत्तर यायचं, दिल्लीत आहे. घोडं कुठं पेंड खातंय हे कुणी सांगेना. शेठजी गिऱ्हाइकासमोर मला विचारायचे, काय, आज विमानानं आलात की सायकलनं? मी हसायचो आणि कापडाचं थान असं जोरात आपटायचो की धूळ उडायची. आम्ही भागधारक रविवारी बायकापोरांना घेऊन ते विमान बघायला जायचो. दुसरं करणार काय? एकदा तिथंच चिठ्ठ्या टाकल्या. कागद मिळाला की औषधाची टाकी बसवण्याआधी वैमानिकाच्या पुढच्या जागेवर एका भागधारकानं बसून धुळ्यावर चक्कर मारायची. चिठ्ठी माझी निघाली. महिनाभर मी ते ज्याला त्याला सांगत फिरलो.

श्रावण आला. कानबाईच्या रोटांची आमची रीत अशी, की घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचा, तो दळायचा आणि त्याचे गूळ घालून जाड पोळीसारखे रोट करायचे. ते रोट घरच्यांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. ज्याच्या नावाची मूठ पडली त्याचा वाटा राहून गेला तर ते घराला लागतं, असं मानतात. त्या वर्षी मूठ टाकायला माय बसली होती. सगळ्यांची नावं झाली, आणि तिनं आणखी एक मूठ उचलली. नानाच्या बायकोनं विचारलं, ही कोनी?

माय म्हणाली, "इमाननी. आपलं बठ्ठं त्यामां गयं. मंग ते आपला घरनं शे का नही?"

सगळं त्यात गेलं म्हणजे ते घरचंच, या तिच्या बोलण्यावर बायका हसल्या, मीही हसलो. कानबाई बसली, रात्र गाण्यांत गेली, सोमवारी वाजतगाजत पांझरा नदीवर तिला निरोप दिला, आणि मी दुकान गाठायला जळगावला परतलो. माय धुळ्यालाच राहिली. मागं काय झालं ते कळायला चार दिवस लागले.

इन्स्पेक्टर अखेर आला. आम्हा सगळ्यांना तारा गेल्या. माळावर जत्रा भरावी तशी माणसं जमली. दक्षिणेकडचा उंच, काळासावळा माणूस, बोलणं मोजकं, चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. त्यानं खालून वरून बघितलं, काहीबाही लिहून घेतलं, मग वैमानिकाला विमान माळावर पळवून दाखवायला सांगितलं. विमान धावलं, आणि फार छान धावलं. पण वेग दाखवणारा काटा हललाच नाही. पुन्हा धावलं, काटा गप्प. पंखांमधल्या दांडीला एक बोटभर नळी असते, तिच्यात वारा शिरला की काटा फिरतो, असं नंतर समजलं. इन्स्पेक्टरनं ती नळी सोडवून हातावर ठोकली. आतून गुळचट वासाचा ओला लगदा पडला, आणि त्यामागून मुंग्या.

ये किसने डाला, असं त्यानं विचारलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात बायकांमधून माझी माय पुढं आली, पदर सारखा केला आणि शाळेत हजेरी द्यावी तसं म्हणाली, "मी टाकं. त्याना वाटाना रोट व्हता. त्यानं तोंड तेच दिखनं."

मूठ टाकली, म्हणजे वाटा खाऊ घातलाच पाहिजे. तिचा हिशेब सरळ होता. भाऊबंद हसण्यावारी नेतायत म्हणून ती एकटी माळावर चालत गेली होती, राखणदाराशी गोड बोलून आत शिरली होती आणि खराट्याच्या काडीनं घास घास करून तो रोट तिनं त्या नळीत भरवला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. इन्स्पेक्टरनं वही मिटली. अर्ज नव्यानं करा, दिल्लीहून तारीख येईल, म्हणाला आणि जीपमध्ये बसला.

मग जे झालं ते मला लिहायला नको वाटतं, पण वगळलं तर पुढचं काही उरत नाही. दीडशेक माणसं माझ्या मायकडे बघत होती. कुणी हसत होतं, कुणी शिव्या देत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी सगळ्यांदेखत तिला म्हणालो, "तुझ्या कानबाईनं माझं घर खाल्लं. आता तूही मला नको आणि तीही नको." तिनं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. नानाचा हात धरून त्याच्या घरी गेली आणि तिथंच राहिली. माझ्या वाट्याचा रोट बायकोनं फडक्यात बांधून आणला होता. मी शिवलो नाही. पौर्णिमेच्या आत तो संपायला हवा म्हणून तिनं एकटीनं माझा आणि स्वतःचा, दोन्ही वाटे वाळके चावून संपवले.

पुढं जवळजवळ वर्ष गेलं. माझा राग कमी होण्याऐवजी मुरत गेला. दिल्लीवर राग, चेअरमनवर राग, नानाशी तर बोलणंच बंद. रात्री जाग आली की पिंप्राळ्याची ती जागा डोळ्यांपुढं यायची. तिथं आता दुसऱ्या कुणाच्या भिंती उभ्या राहत होत्या, आणि मी मुद्दाम वाट वाकडी करून त्या बघायला जायचो. बायको म्हणायची, एकदा धुळ्याला जाऊन मायला घेऊन या. मी म्हणायचो, इमान उडालं की आणतो. देवीला मात्र मनात रोज बोलायचो. हात जोडत नव्हतो, पण भांडत होतो. तेही एक प्रकारचं नाव घेणंच होतं, हे तेव्हा कळत नव्हतं.

पुन्हा श्रावण आला, आणि कानबाईच्या दोन दिवस आधी तार आली. तोच इन्स्पेक्टर. यावेळी कंपनीनं राखणदाराला सक्त ताकीद दिली होती, कुंकवाचं बोटही लागू दिलं नव्हतं. विमान धावलं आणि काटा चढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता सही, असं मी शेजाऱ्याला म्हणतोय तोच इन्स्पेक्टर त्या दांडीपाशी जाऊन उभा राहिला. मागल्या वेळी मुंग्या नळीतून पंखाकडे जात होत्या, म्हणाला. मुंग्या ओल्या लाकडात घर करतात, पंखाचं कापड उघडा.

कंपनीची माणसं काकुळतीला आली. कापड फाडलं की पुन्हा ताणायचं, रंगवायचं, पुन्हा तारीख. आणि मी, ज्याचा आवाज दुकानात कधी चढला नाही, तो गर्दीतून ओरडलो की साहेब, सही करायला हात दुखतो का तुमचा? आमच्या संसाराची राख झाली, तुम्हाला मुंग्या दिसतात? आजूबाजूचे "बराबर, बराबर" म्हणाले. त्यानं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मिस्तरीनं कापडाला सुरी लावली.

आतलं लाकूड काळं पडलं होतं. पाणी गेल्या श्रावणाच्याही आधीच मुरलं असावं, जोडांचा सरस सुटून गेला होता. इन्स्पेक्टरनं अंगठ्यानं नुसतं दाबलं आणि पंख ज्याच्यावर पेललेला असतो त्या दांड्याचा तुकडा भिजल्या भाकरीसारखा त्याच्या हातात आला. तो त्यानं सगळ्यांना दिसेल असा धरला. मग तो शांतपणे, पहिल्यांदाच माझ्याकडे बघत म्हणाला, "पिछली बार कागज मेरे बैग में था. सुई चलती, तो मैं दस्तखत कर देता." मग त्यानं विचारलं, "वो माँजी कहाँ हैं?"

मागल्या श्रावणात सही झाली असती, तर त्याच दुपारी पुढच्या जागेवर कोण बसणार होतं हे माळावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नानानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. वर्षभरानं आम्ही एकमेकांना शिवलो. मी त्याचा हात काढला नाही.

यात चमत्कार आहे असं मी कुणाला सांगत नाही. लाकूड पाण्यानं कुजलं, मुंग्या गुळाला आल्या, माणूस कर्तव्याला जागला आणि माझी माय भोळी होती. एवढंच घडलं. पण हे सगळं कुठल्या क्रमानं घडलं ते आठवलं की मी आजही हातातलं काम बाजूला ठेवतो. ज्या घासासाठी मी मायला तोडलं, तो घास तिनं मला न विचारता माझ्यासाठी भरवला होता, आणि तिलाही ते माहीत नव्हतं.

माळावरून मी चालत नानाच्या घरी गेलो. ओसरीवर बायका गहू निवडत होत्या. मायच्या पुढ्यात सूप होतं, मूठ टाकायचं काम चाललं होतं. ती वाळली होती. मी चपला काढल्या, तिच्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या नावाची मूठ टाकलीस का, एवढंच विचारायचं होतं, तेही विचारायची भीती वाटत होती. तोडलेल्या माणसाच्या नावानं कोण गहू घेतं?

तिनं माझ्या केसांतली माळावरची धूळ झटकली. "तुनी मूठ पहिलेच टाकेल शे," ती म्हणाली. मग सुपाकडे बघत, जराशी बिचकत तिनं विचारलं, "आते इमाननी टाकू का नको?"

मी म्हटलं, "टाक. त्याना वाटा मी खासू."

विमान कधी उडालं नाही. कंपनी बंद पडली, चेअरमन पांढऱ्या बुटांसकट नाहीसा झाला, पिंप्राळ्याची जागा गेली ती गेली. तो राग गेला असं मी म्हणणार नाही. त्या माणसाचं नाव निघालं की अजून माझ्या मुठी वळतात. पण त्या मुठी आता देवीवर वळत नाहीत. कुठलं दार बंद राहावं म्हणून आपण नवस करायला हवा, हे आपल्याला कुठं कळतं? आपण उघडण्यासाठीच डोकं आपटत असतो. ते तिच्यावर सोडावं, आणि समोर आलेला वाटा मुकाट्यानं खावा, एवढंच मी शिकलो. तेही दरवर्षी नव्यानं शिकावं लागतं.

माय आता नाही. तिला स्वतःच्या उंबऱ्याआड कानबाई बसवता आली नाही, ते माझ्याकडे लागतं. श्रावणात आम्ही अजून नानाच्या घरीच जमतो. मुठी टाकायला आता माझी बायको बसते. सगळी नावं झाली की ती हात थांबवून माझ्याकडे बघते, मी मान हलवतो, आणि ती विमानाची मूठ टाकते. नवे जावई, सुना हसतात. मी सगळ्यांच्या मागून जेवायला बसतो, कारण मला दोन वाटे संपवायचे असतात. आधी विमानाचा खातो, मग माझा.