दिवेलागणीचं विरजण

गावोगाव फिरणाऱ्या गाडीत धूळ बसते तसे किस्सेही बसतात. धूळ झटकता येते!

मी गाडी चालवतो. शाळा नववीत सुटली. बायकांवरचा त्रास थांबावा म्हणून रत्नागिरीतलं महिला मंडळ, पोलीस, कॉलेज, मच्छीमार सोसायटी आणि मुसलमानांची जमात यांनी मिळून एक गट केलाय. प्रमुख सुलभाताई. त्या मागे बसतात आणि मला बोलतं करायला बघतात.

*

पहिल्याच मीटिंगमध्ये प्रश्न निघाला. शेजारच्या घरातून मारल्याचा आवाज आला तर करायचं काय? मध्ये पडलं तर आपल्यावरच येतं.

पूर्णगडच्या हलीमाखाला म्हणाल्या, "वाटी घेऊन जायचं. विरजण मागायचं. दार तर उघडेल!"

घाटावरचे एक साहेब होते. "आणि त्या घरात विरजण नसलं तर?"

"मग दुसरी जाईल ना मागायला!"

*

गावागावात सांगून झाल्यावर चूक लक्षात आली. दिवे लागल्यावर आमच्याकडे विरजण कोणी मागत नाही, कोणी देत नाही. घरातली लक्ष्मी जाते म्हणतात. आणि मारहाण होते ती बहुतेक त्याच वेळेला!

सुलभाताईंनी कपाळावर हात मारला.

खाला म्हणाल्या, "असू दे. त्या वेळेला वाटी दिसली की कळेल त्याला, आम्ही कशाला आलोय ते."

*

बुरोंडीत एका खलाशाने दार उघडलं. बाहेर शेजारीण, हातात रिकामी वाटी.

"दही नाय!" त्याने दार आपटलं. पुन्हा कडी वाजली. दुसरी बाई, दुसरी वाटी. मग तिसरी. कोणी अवाक्षर काढेना. शेवटी अंगणभर बायका उभ्या आणि अंधारात नुसतं स्टील चमकतंय. तो गुमान जाऊन होडीत झोपला.

सकाळी बंदरावर दोस्तांनी छेडलं, "काय रे, लागला काय दही?"

तो हसला नाही. म्हणाला, "सगळ्यात मागे माझी आयस होती. तिला तर आपणच मसणात पोचवून आलो ना रे?"

*

एकदा पुरुषांच्या मीटिंगमध्ये ताईंनी मलाच बोलायला उभं केलं.

"तुजा लगीन झालाय काय रे?" मागून एका काकांनी विचारलं.

"नाही, काका."

"मग तुला काय डोंबल कळतंय!" सगळे खो खो हसले.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मार कळायला लग्न कशाला लागतं?"

हसणं थांबलं. तेवढ्यात खिडकीबाहेरून बाईच्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "खरं आहे."

कोण ते बघायला ताई बाहेर गेल्या आणि लगेच परत आल्या. खिडकीखाली सरळ विहीर होती. उभं राहायला जागाच नाही!

*

वैशाली खालांची शेजारीण. नवरा ट्रॉलरवरून घरी आला की तिचं नळावर येणं बंद व्हायचं. या खेपेला तर घरातून आवाजही येईना. दिवे लागल्यावर खाला वाटी घेऊन गेल्या.

नवरा दारात आडवा उभा. "ती म्हायेरी गेलीय."

"बरं," म्हणत खालांनी वाटी पायरीवर ठेवली. "आली की भरून ठेव म्हणावं."

सकाळी वाटी पायरीवरच होती. वर केळीच्या पानाचा तुकडा झाकलेला. आत दही, घट्ट लागलेलं.

खालांनी ताईंना फोन केला. "पोरगी घरातच आहे! लवकर या!"

आम्ही पोलिसांना घेऊन पोचलो. मागच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. नवरा किल्ली देईना, तेव्हा हवालदारांनी ते तोडलं. वैशाली आत होती. ओठ फुटलेला, पण जिवंत.

दवाखान्यात नेताना गाडीत खालांनी तिला कुशीत घेतलं. "शहाणी गं माझी बाय! वाटी भरून ठेवलीस म्हणून तर कळलं."

मला आरशात वैशालीचा चेहरा दिसत होता. तिने खालांकडे मान वळवली.

"कसली वाटी, खाला? मी तर कोंडलेली. आणि हे आल्यापासून घरात दूधच नाही."