सिद्धेश देशकरांचा बॅकअप

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या सिद्धेश देशकरांना त्रेचाळिसाव्या वर्षी साक्षात्कार झाला की आपण रॅपर आहोत. निमित्त मंडळाच्या गणपतीचं. एकपात्री करणाऱ्या काकू फ्लूने आडव्या झाल्या, दहा मिनिटं भरायची होती. सिद्धेशने ग्रीन कार्डच्या रांगेवर चार विनोदी ओळी खरडल्या, ऑफिसातल्या ऋषीने तोंडाने ताल धरला, आणि लोक जेवणाची रांग सोडून ऐकायला आले. त्याच आठवड्यात नाव ठरलं, 'मिडवेस्ट मावळे'. सिद्धेशला स्वतःला ग्रीन कार्ड मिळून सहा वर्षं झाली होती, पण कलावंताने वेदना विसरायची नसते म्हणे.

इंडियानापोलिस झालं, डेट्रॉइट झालं. मावळे मात्र टिकेनात. ऋषीचा प्रोजेक्ट टेक्सासात प्लेनोला गेला, तालही त्याच्यासोबत गेला. एकजण व्हिसाच्या स्टॅम्पसाठी पुण्यात अडकला. पोस्टर दोनदा बदललं. सिद्धेश शेवटी मॅनेजर, त्याने प्रोसेस आणली. नोकरी सोडणारा जसा आपलं काम दुसऱ्याला शिकवून जातो, तसं इथे सोडायच्या आधीच शिकवायचं. प्रत्येकाला एक बॅकअप. श्वास कुठे, हात कुठे, सगळं शीटमध्ये.

"आणि तुझा बॅकअप?" त्याच्या बायकोने, वसुधाने, विचारलं.

"नियम सगळ्यांना सारखा," सिद्धेश म्हणाला, आणि शेजारच्या केयाला निवडलं. वय वीस, मराठी अमेरिकन वळणाचं. म्हणजे धोका नाही.

मिलवॉकीला सिद्धेशचा घसा बसला. केया माइकसमोर उभी राहिली. ती दोन वर्षांची असताना आई-बाबांच्या व्हिसावर इथे आलेली. बाबा अजून ग्रीन कार्डच्या रांगेतच, आणि पुढच्या वाढदिवसाला, एकविसाव्याला, तिचं नाव त्यांच्या व्हिसावरून उतरणार होतं; मग स्वतःचा व्हिसा, नाहीतर परत भारत. ओळी त्याच, पण हॉल हसायचा थांबला. मग उठून उभा राहिला. सिद्धेशने मागच्या रांगेतून टाळ्या वाजवल्या, अगदी मोजून.

मग अमेरिकेतल्या सगळ्या मराठी मंडळांच्या अधिवेशनाचं आमंत्रण आलं. पंधरा मिनिटं, ग्रीन कार्डच्या कडव्याला एकच माणूस. सिद्धेशच्या बेसमेंटमध्ये बैठक बसली. सगळे पोह्यांकडे बघत राहिले. संस्थापक या नात्याने आपली काही जबाबदारी आहे, असं सिद्धेशने सांगितलं.

"काका, तुम्हीच करा," केया म्हणाली. "इट्स युअर व्हर्स."

अधिवेशनात तो एकही शब्द चुकला नाही. हॉलने टाळ्या दिल्या, तिमाही प्रेझेंटेशन संपल्यावर देतात तशा.

आठवड्याने न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या मंडळाचा ईमेल आला. 'मिलवॉकीवाली मुलगी हवी. बाकीचे आले तरी चालेल.' ग्रुपच्या मेलचा पासवर्ड एकट्या सिद्धेशकडे. तीन दिवस त्याने कोणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी उत्तर लिहायला बसला, 'केयाची परीक्षा असल्याने...'

"कधी आहे परीक्षा?" मागून वसुधाने विचारलं. ती तिथेच उभी राहिली.

सिद्धेशने ओळ खोडली. केयाला फोन लावला, सांगून टाकलं.

"काका, एक लाइन बदलू? 'रांगेत सगळे हसतायत', ती."

"ती तर हिट आहे गं."

"आम्ही घरी हसत नव्हतो."

सिद्धेशने शीट उघडलं. त्या ओळीसमोर त्याच्याच हातची सूचना होती : 'इथे थांबा, हशा येईल.'

"बदल," तो म्हणाला.