साखरपुड्याआधी बाटली

हसायचं नाही, हे आधी कबूल करा, मगच सांगते. आणि तो कप खाली ठेवा, चहा नाकातून येईल. या वेळी मी जी माती खाल्ली, तशी आमच्या अख्ख्या खानदानात कोणी खाल्ली नसेल!

तर आमच्या मधुराचा साखरपुडा ठरला. मुलगा ग्वाल्हेरचा, घरात मराठी बोलणारा. झाशीत बसून असं स्थळ मिळणं म्हणजे काय, ते आम्हा इकडच्या लोकांनाच ठाऊक. मी तर देव पाण्यात घालून बसले होते. काही झालं तरी हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही!

अडचण एकच. विहीणबाई! बाई माझ्याहून मोठी, आणि दिसते नवऱ्या मुलाची ताई. मंडळी मुलगी बघायला आली, तेव्हा शेजारच्या मिश्राभाभी माझ्या कानात म्हणाल्या, "लड़के की बहन तो बड़ी सुंदर है. मम्मी नहीं आईं?"

मम्मी समोरच बसून पोहे खात होती हो!

मग मिश्राभाभींनीच उपाय सांगितला. "दीदी, आप भी बोतल चढ़वा लो. विटामिन वाली. चेहरा ऐसा खिलेगा कि सब देखते रह जाएँगे!"

हे म्हणाले, "अगं, सलाईनची बाटली आजारी माणसाला चढवतात."

"मी आजारीच आहे. सकाळी उठवत नाही, जिना चढला की धाप लागते. तुमचं लक्ष असतं का?"

पण मी काही दिसेल तिथे हात पुढे करणारी बाई नाही. शेंडा मोडून बघितल्याशिवाय मी भेंडी घेत नाही, मग शिरेत जाणारं औषध असं कसं घेईन? मी जाहीर केलं, आधी दवाखाने बघायचे, मग बाटली.

इथे आमची एक जुनी युक्ती सांगायला हवी. झाशीत मराठी कळणारे मोजकेच. त्यामुळे बाजारात आम्ही नवराबायको दुकानदाराच्या तोंडावर मराठीत ठरवतो. "लुटतोय हा, उठा." तो बिचारा हसून आणखी चार साड्या उलगडतो. लग्न झाल्यापासून ही युक्ती कधी फसली नव्हती.

पहिला दवाखाना सीपरी बाजारात, ब्यूटी पार्लरच्या वर. पडद्याच्या दांडीला बाटली लटकलेली, आणि जिच्या हातात सुई होती तिच्या दुसऱ्या हातात समोसा!

"डॉक्टर साहब कहाँ हैं?" मी विचारलं.

"मऊरानीपुर गए हैं. आप तो लेट जाओ आंटी, कछु नईं होत."

"और इसमें क्या-क्या डाला है?"

"सब डाला है!"

मी यांच्याकडे वळून म्हटलं, "अहो, चपला घाला."

दुसरी जागा चकाचक. काचेची दारं, गार हवा, कॉफीसुद्धा दिली. पण त्या टाय लावलेल्या पोरानं माझं नावही विचारलं नाही. एकदम म्हणाला, "आज दो पर एक फ़्री है, मैडम. कैश या ऑनलाइन?"

हे पुटपुटले, "साबणाची वडी आहे का गं?" कॉफी मात्र पूर्ण प्यायले.

तिसरा दवाखाना सिव्हिल लाइन्समध्ये. जागा लहान, पण भिंतीवर डिग्री आणि रजिस्ट्रेशन नंबर ठळक लावलेला. सुया सीलबंद, ऑक्सिजनचं नळकांडं हाताशी, आणि कोणाला औषध सोसलं नाही तर लागणारी इंजेक्शनं वेगळ्या ट्रेमध्ये मांडलेली. डॉक्टर म्हणजे एक हसरी मुलगी, निधी नावाची. नावापुढे उत्तरेकडचं आडनाव.

ही बया बाटलीकडे बघेचना! नुसते प्रश्न. कौन सी दवा चलती है? बीपी? शुगर? किसी दवा से एलर्जी? स्वतः नाडी बघितली, बीपी घेतलं, डोळ्यांची पापणी ओढून पाहिली.

मला मनातून बरं वाटत होतं, पण बाटली लांबत चालली म्हणून जीव वरखाली होत होता. मी यांना म्हटलं, "डॉक्टर आहे की शाळेतली पोर? हिला येत नाही म्हणून वेळ काढतेय."

तेवढ्यात तिनं विचारलं, "आंटीजी, गुर्दे में पथरी तो नहीं हुई कभी?"

"कभी नहीं!" मी ठणकावून सांगितलं. आणि तोंडावरचं हसू तसंच ठेवून यांना बजावलं, "मागच्या वर्षीच्या मुतखड्याचं नाव काढाल तर याद राखा. कळलं तर ही बाटली देणार नाही, आणि रविवारी साखरपुड्यात त्या ग्वाल्हेरच्या बाहुलीपुढे मी म्हातारी दिसेन. बघितलीत ना कशी आली होती? चुन्याचा हात दिलेली भिंत नुसती! केस रंगवलेले, वय लपवलेलं..."

"अगं, हळू बोल."

"कशाला हळू? हिला काय कळतंय!"

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मग अडखळत, पण अगदी गोड आवाजात म्हणाली, "मावशी, मला बोलायला नीट नाही येत. पण समजतं सगळं. आई मराठी आहे ना माझी."

आता सांगा, अशा वेळी माणसानं कुठे बघावं? मी ऑक्सिजनच्या नळकांड्याकडे बघितलं. म्हटलं, मलाच लागतंय की काय!

पण ती पोर रागावली नाही हो. शांतपणे समजावलं. मुतखडा होऊन गेलेल्या माणसाच्या शिरेत व्हिटॅमिन सीचा मोठा डोस गेला, तर पुन्हा खडा होऊ शकतो, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. "आणि तुम्ही थकता, तर का थकता ते आधी बघू. खून की जाँच करू. बाटली मी नाही देणार. रागवा पाहिजे तर."

तिथल्या तिथे केलेल्या तपासणीत रक्त कमी निघालं. मला गोळ्या, पालेभाजी आणि झोप लिहून दिली. दारात आलेलं गिऱ्हाईक, त्याच्या भल्यासाठी, असं परत पाठवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. मी मनातल्या मनात तिची दृष्ट काढली.

निघताना तिनं विचारलं, "रविवारी साखरपुडा, म्हणजे मधुराचा ना? मी येणार आहे." आणि हसू दाबत म्हणाली, "ती चुन्याची भिंत माझी सख्खी मावशी आहे."

मी तर उभ्या उभ्याच गेले!

"काळजी नका करू," ती म्हणाली, "पेशंटची गोष्ट इथून बाहेर नाही जात."

असं म्हणतात हो सगळेच! पण मावशी ती मावशी. रविवारपर्यंत मला घास गोड लागला नाही. माझ्या जिभेपायी पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं तर?

रविवारी हॉलवर पाहुणे आले. निधी आणि विहीणबाई कोपऱ्यात कुजबुजल्या, माझ्याकडे बघून हसल्या. मी अंगठीचं तबक उलटं धरलं. थोड्या वेळानं विहीणबाईंनी मला हाताला धरून बाजूला नेलं. "जरा बोलायचं होतं. मनात ठेवून बरं वाटत नाही."

संपलं! मी म्हटलं, त्यांनी विषय काढण्याआधी आपणच पाय धरावेत.

"विहीणबाई, पदर पसरते, माझ्या पोरीवर राग काढू नका! चुन्याची भिंत मी म्हणाले ते खरं, पण मनात पाप नव्हतं. बाहुली म्हणाले, तेही कौतुकानंच. आणि केसांचं आणि वयाचं तर..."

मला थांबवायला लांबून हे भुवया नाचवत होते. बोलणार कुठल्या भाषेत? सगळा हॉल मराठी!

विहीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी एवढंच सांगणार होते की आम्हाला मानपान काही नको. मधुरा घरात आली की आम्हाला सगळं पावलं."

मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. मागून निधी मला कळवळून म्हणाली, "मावशी, मी एक शब्द नव्हते बोलले!"

आणि विहीणबाई? कमरेवर हात ठेवून अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "केस रंगवते हो मी. पण वय लपवत नाही, कोणी विचारतच नाही!" असं म्हणून त्यांनी मला मिठीच मारली. एवढ्या मोठ्या मनाची बाई मी उभ्या जन्मात बघितली नाही, आणि हे मी आता कुठल्याही भाषेत मोठ्यांदा सांगते.

घरी येताना ऑटोत हे म्हणाले, "दवाखाना तू खरंच पारखून निवडलास हं. तिथून एक अक्षर बाहेर गेलं नाही. जे गेलं, ते पेशंटनं स्वतः घरपोच दिलं!"