मामांच्या चेहऱ्याचा अर्थ

माणसाच्या मनात काय चाललंय हे माझ्या मामांइतकं अख्ख्या अमरावतीत कुणाला कळत नसेल, आणि मामांच्या मनात काय चाललंय हे मात्र आजवर कुणालाच कळलेलं नव्हतं. आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ राजापेठेतल्या आपल्या गॅलरीत बसून रस्त्यावरच्या माणसांचा अर्थ लावत. समोरच्या ट्यूशनमधून एखादी मुलगी हसत बाहेर पडली की म्हणत, "ही हसून नाई राहिली, मार्क लपवून राहिली." संत्रेवाल्यानं आवाज चढवला की, "याचं बायकोसंगं वाजलं सकायी." एकदा तर खाली उतरून त्याला तसं विचारूनच आले. बायकोशी वाजलं नव्हतं. मामांशी मात्र तिथंच वाजलं.

स्वतः मामा लग्नात, बारशात, मयतीत एकाच चेहऱ्यानं बसत. मामी गेली तेव्हाही तसेच होते. आल्यागेल्याला चहा मिळाला का, एवढंच विचारत फिरत होते. अकोल्याला दिलेली त्यांची लेक, माझी मामेबहीण, ते विसरली नाही. "बाबांच्या डोळ्यात पाणी नाई आलं," एवढंच ती मला म्हणाली, आणि मग तिचं येणं सणावारापुरतं उरलं. दोन-अडीच तासांचा तर रस्ता.

गेल्या वर्षी तिनं स्वतः येण्याऐवजी एक रोबो पाठवला. वीतभर उंच, गोल डोळ्यांचा, चेहरा पाहून बोलणारा. "आज तुम्ही आनंदी दिसता," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. मामा न्हाणीत घसरून कंबर धरून बसले होते. "अरे बाबू, दिसणं येगळं अन् असणं येगळं!" म्हणत त्यांनी त्याला तासभर लेक्चर दिलं. वर मला म्हणाले, "याले दुःख समजत नाई. पण आमच्या पोट्ट्यांपेक्षा बरा, वर्गात झोपत तरी नाई."

एका रविवारी दुपारी बहीण न कळवता आधी माझ्याकडे आली. आम्ही दोघी जिना चढून मामांच्या दारात पोचलो, तेव्हा आत रोबो विचारत होता, "तुम्हाला कुणाची आठवण येते का?"

"येते ना," मामा म्हणाले. "ती गेली त्या दिवशी मी सगळ्याइचा चाय पाहत होतो. ते तिचं काम होतं. मले वाटलं, आपण बसून राहिलो तर तिचं काम थांबन. मंग ती गेली, हे खरं होऊन जाईन."

बहीण उंबऱ्यावरच बसली. "बाबा, हे मले काहून नाई सांगतलं?"

मामा दचकले. "तू इचारलंच नाई, माय. याले समजत काईच नाई. पण हा इचारते."

त्या दिवशी ती मुक्कामाला राहिली. आता रोज संध्याकाळी अकोल्याहून फोन येतो. "कसे आहा, बाबा?" "मजेत." तिकडे तिच्या कुकरची शिट्टी होते, इकडे रस्त्यावर हॉर्न वाजतात, आणि दोघं एकमेकांकडचे आवाज ऐकत बसतात.

"ठेवू का?" ती शेवटी विचारते.

"राहू दे थोडं," मामा म्हणतात.