अण्णांचा अनंत

काल चारकोपच्या बाल्कनीत अनंताची कुंडी बदलली. जुनी कुंडी उपडी करताच मुळांचा ओला, आंबूस वास आला आणि मी थेट भांडुपच्या चाळीतल्या आमच्या गॅलरीत पोचले.

तेव्हा हा अनंत रंगाच्या रिकाम्या डब्यात होता. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, गावाहून फांदी आणून लावलेला. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर अण्णांच्या तोंडात दोनच शब्द उरले होते, "तसा नाय." भूक लागली तरी तेच, आई समोर आली तरी तेच.

त्या सकाळी त्यांची खुर्ची गॅलरीत आणली आणि मी अनंत डब्यातून ओढून काढला. मुळं गोल फिरून फिरून डब्याच्याच आकाराची झाली होती. मी ती बोटांनी सोडवायला लागले.

"तसा नाय."

मग नुसती माती झटकली. "तसा नाय." रोप नव्या कुंडीत जरा वर धरलं, मग खाली धरलं. "तसा नाय, तसा नाय."

"मग कसं, अण्णा? सांगा ना!" मी ओरडलेच.

ते मांडीवर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मीही बघितलं. मग अंदाजानेच माती दाबली.

तेव्हा वाटलं, माझं चुकतंय. आता वाटतं, शाबासकीही असेल. विचारणार कोणाला?

अनंत जगला. पहिलं फूल मी अण्णांच्या नाकाशी धरलं. डोळे मिटून त्यांनी वास आत ओढला, कितीतरी वेळ सोडलाच नाही. मग माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "तसा नाय."